फळीचा भार कोणावर?
(प्लायवूडच्या पुस्तकमांडणीविषयी एक पाठ)



आपल्या वर्गग्रंथालयाची मांडणी ज्या दिवशी कोसळली, तो दिवस तुमच्यापैकी अनेकांस आठवत असेल. २०२३ सालच्या जुलै महिन्यातील ती गोष्ट. बाहेर पावसाचा जोर होता, तिसरा तास चालू होता आणि फळ्यावर मी समासाचे प्रकार लिहीत होते. वर्गाच्या मागील भिंतीकडून प्रथम एक बारीक करकर ऐकू आली. आपण माना वळवतो न वळवतो तोच वरून दुसरी फळी एका अंगाने निसटली. तिच्यावरील मराठी विश्वकोशाचे खंड आणि मोल्सवर्थचा शब्दकोश खालच्या फळीवर आदळले, तीही सुटली, आणि दोन वर्षे वर्गणी काढून जमवलेली पुस्तके ओल्या फरशीवर पसरली. सुदैवाने त्या बाजूच्या बाकावर त्या दिवशी कोणी बसलेले नव्हते.

पुस्तके वेचताना वर्गात कुजबुज सुरू झाली. “एवढे जड ग्रंथ वर कोणी ठेवले?” असा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता. ते ठेवले होते आपल्या ग्रंथालयमंत्र्याने. नववीतला तो मुलगा मान खाली घालून एकेका पुस्तकाचे पुठ्ठे आपल्या रुमालाने पुसत होता. मी त्या वेळी काहीच बोलले नाही.

वस्तुतः ती मांडणी आदल्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला माझ्याच देखरेखीखाली तयार झाली होती. कोणते लाकूड आणावे, फळ्या कशा जोडाव्या, हे मीच सांगितले होते. मी कलाशाखेची पदवीधर. खडू धरण्याची सवय, करवत धरण्याची नाही. तरीही चार खिळे ठोकण्यात अवघड ते काय, अशी माझी समजूत होती. चूक ग्रंथ ठेवणाऱ्याची नसून फळी जोडणाऱ्याची होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. आणि वर्गासमोर ते बोलून दाखवावयास आणखी एक दिवस लागला. प्रस्तुत लेख हा त्या कबुलीचाच उरलेला भाग होय. चूक झाली एवढे म्हणून थांबता येत नाही. ती नेमकी कोठे झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे सांगितल्यावाचून कबुली पुरी होत नाही.

मेस्तांचे एक वाक्य

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीची बिजागरी बसवण्यास गावातील एक वृद्ध सुतार आले होते. आमच्याकडे अशा जाणत्या कारागिरास ‘मेस्त’ म्हणतात. त्यांनी पडलेली फळी उचलली, तिचे तोंड बोटाने चाचपले आणि आमच्या कोंकणीत ते एवढेच म्हणाले, “बाये, खिळो फळी धरता, वजन लांकूड धरता.”

खिळ्याचे काम फळी जागच्या जागी धरून ठेवण्याचे. वजन पेलण्याचे काम लाकडाचे. माझ्या मांडणीत फळीची दोन टोके दोन उभ्या बाजूंच्या मध्ये धरून बाहेरून प्रत्येक टोकास तीन-तीन खिळे मारलेले होते. फळीच्या खाली लाकडाचा आधार असा कोठेच नव्हता. म्हणजे धरण्याचे आणि पेलण्याचे, अशी दोन्ही कामे मी त्या सहा खिळ्यांवर सोपवली होती. वर्षभर त्यांनी ती निमूटपणे केली, हेच नवल.

प्लायवूडचा स्वभाव

येथे प्लायवूड म्हणजे काय ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून ते तयार करतात. पापुद्र्यांची संख्या बहुधा विषम असते आणि प्रत्येक पापुद्र्याचे तंतू खालच्या पापुद्र्याच्या तंतूंना काटकोनात असतात. लाकूड ओलाव्याने फुगते ते मुख्यत्वे तंतूंच्या आडव्या दिशेने. तंतूंच्या लांबीच्या दिशेने फारच थोडे. पापुद्रे आडवे-उभे लावल्यामुळे एकाचे फुगणे दुसरा आवरतो, आणि म्हणून अखंड फळीप्रमाणे प्लायवूड सहजासहजी वाकडे होत नाही किंवा तडकत नाही. हा त्याचा मोठा गुण.

परंतु ह्या गुणाच्या पोटातच त्याचा दोष आहे. प्लायवूडच्या सपाट अंगात खिळा किंवा स्क्रू घातला, तर तो सर्व पापुद्र्यांना ओलांडून आरपार जातो व घट्ट बसतो. तोच खिळा प्लायवूडच्या कडेत, म्हणजे जेथे पापुद्र्यांच्या रेषा दिसतात तेथे मारला, तर तो पापुद्र्यांच्या मध्ये पाचरीसारखा शिरतो. पुढे फळीवर भार पडला म्हणजे खिळ्याच्या वरचे पापुद्रे खिळ्यावर टेकतात, आणि खालचे पापुद्रे वरच्यांना केवळ चिकटून लोंबत राहतात. त्या दोहोंना जोडून ठेवणारा असतो तो मधला चिकटपदार्थ. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे हलक्या प्रतीच्या प्लायवूडमधील तो चिकटपणा क्षीण होतो. आपली फळी नेमकी अशीच उकलली होती: वरचा भाग काही काळ खिळ्यांवर राहिला, खालचा भाग सुटला, आणि मग सारीच फळी खाली आली.

ह्यावरून दुसराही धडा मिळतो. दुकानात ‘एम. आर.’ असा शिक्का असलेले प्लायवूड स्वस्त मिळते. ते दमटपणास काही अंशी तोंड देते, पण भिजणे त्यास सोसत नाही. ‘बी. डब्ल्यू. पी.’ हा शिक्का उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या चिकटपदार्थाचा. मरीन प्लायवूडवर भारतीय मानक ७१० हा आकडा छापलेला असतो. कोरड्या खोलीत पहिला प्रकार चालतो. जेथे भिंतीस ओल येते तेथे दुसऱ्यासाठी अधिक पैसे मोजणे हीच काटकसर.

लांबी आणि जाडी ह्यांचे गणित

आडव्या तुळईच्या बळाचा पद्धतशीर विचार गॅलिलिओने आपल्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. पुढच्या शास्त्रज्ञांनी त्यात दुरुस्त्या केल्या आणि आज आपल्या हाती साधे नियम आले आहेत. दोन टोकांना टेकलेली फळी पुस्तकांनी सारखी भरली, तर तिला मध्यभागी येणारा झोळ लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो.

आता आपल्या मांडणीस हा नियम लावून पाहू. पैसे वाचवावे म्हणून मी १२ मि.मी. जाडीचे प्लायवूड आणवले होते, आणि ऐसपैस जागा व्हावी म्हणून फळी १०० सें.मी. लांब ठेवली होती. त्याऐवजी फळी ७० सें.मी. असती तर झोळ एक चतुर्थांशाहून कमी झाला असता, कारण १०० भागिले ७० ह्याचा चौथा घात ४ पेक्षा किंचित अधिक येतो. जाडी १८ मि.मी. असती तर दीडचा घन, म्हणजे ३.३७५, इतक्या पटीने तो आणखी कमी झाला असता. दोन्ही मिळून माझी फळी सुमारे चौदापट अधिक वाकणारी होती! आणि फळी वाकली म्हणजे तिची टोके किंचित फिरतात व कडेतील खिळ्यांना रोज थोडे थोडे उचकटतात. तात्पर्य, ग्रंथ जड असतात हे खरे. पण त्यांचा भार किती जाणवावा हे फळी करणाराच ठरवतो. आम्ही तराजूवर पाहिले, तेव्हा ७० सें.मी. फळीवर मावणारी पुस्तके सुमारे २० किलो भरली.

आधार देण्याच्या तीन रीती

फळीस लाकडाचा आधार देण्याच्या रीती अनेक आहेत. घरात करवत, गिरमिट, पेचकस, हातोडा आणि गुण्या एवढीच हत्यारे असतील, तर त्यांपैकी तीन विचारात घेण्यासारख्या आहेत.

पहिली रीत खाचेची. उभ्या बाजूच्या आतील अंगास फळीच्या जाडीइतकी रुंद आणि बाजूच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल अशी आडवी खाच कापावयाची व फळीचे टोक तीत सरकवावयाचे. कसबी सुताराची हीच आवडती रीत, आणि ती देखणीही. परंतु करवतीने दोन समांतर काप घेऊन मधला भाग पटाशीने काढताना प्लायवूडचे पापुद्रे उचकटतात, आणि समोरासमोरच्या दोन खाचा एका पातळीत न आल्यास फळी डुगडुगते. नवशिक्याने हिच्या वाटेस सुरुवातीला जाऊ नये.

दुसरी रीत टेकूपट्टीची. फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाची २ सें.मी. जाड-रुंद पट्टी फळीच्या टोकाखाली उभ्या बाजूस डिंक व तीन स्क्रू लावून बसवावयाची आणि फळी तिच्यावर टेकवावयाची. तुमच्या घरी आधीच तयार असलेली एखादी मांडणी खचू लागली असेल, तर तिला वाचवण्याचा हा सर्वांत सोपा उपाय. लोखंडी कोनपट्ट्याही ह्याच कामी येतात, मात्र समुद्राकडील खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात.

तिसरी रीत मला मेस्तांनी दाखवली, आणि नवी मांडणी आपण तिनेच केली. उभ्या बाजूच्या आतून, एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंतची सारी उंची व्यापणारे प्लायवूडचे तुकडे चिकटवावयाचे. त्यांना आपण टेकूफळ्या म्हणू. दोन टेकूफळ्यांच्या मध्ये फळीच्या जाडीइतकी फट सोडली की तीच खाच होते. लाकूड कोरून करावयाची खाच येथे लाकूड जोडून होते. पटाशी हातात घ्यावीच लागत नाही. फळी आपल्या पूर्ण रुंदीभर टेकूफळीवर बसते, ती टेकूफळी खालच्या फळीवर, ती पुन्हा खालच्या टेकूफळीवर, आणि असा सगळा भार लाकडातून लाकडात उतरत जमिनीस पोचतो. घराच्या चिऱ्यावर चिरा बसतो तसेच हे.

प्रत्यक्ष कृती

प्लायवूडचा अखंड तक्ता साधारणतः ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे सुमारे २४४ गुणिले १२२ सें.मी., असतो. १८ मि.मी. जाडीच्या एकाच तक्त्यात आपली मांडणी बसते. तक्त्याच्या लांबीच्या दिशेने २५ सें.मी. रुंदीच्या चार पट्ट्या दुकानातच यंत्रावर कापून घ्याव्या, कारण एवढा लांब सरळ काप हातकरवतीने घेणे अवघड. लांबीच्या दिशेनेच कापण्याचे दुसरेही कारण आहे: बहुतेक तक्त्यांवर वरच्या पापुद्र्याचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, आणि तंतू फळीच्या लांबीबरोबर धावत असले म्हणजे फळी कमी वाकते.

पहिल्या पट्टीतून १२० सें.मी. उंचीच्या दोन उभ्या बाजू निघतात. दुसऱ्या व तिसऱ्या पट्टीतून ७० सें.मी.च्या पाच आडव्या फळ्या. चौथ्या पट्टीतून टेकूफळ्या: तळाशी ७ सें.मी.च्या दोन, आणि चार कप्प्यांसाठी २६ सें.मी.च्या आठ. उंचीचा ताळा पाहा: तळाचे ७, चार कप्प्यांचे १०४, पाच फळ्यांच्या जाडीचे ९, बेरीज बरोबर १२०.

सर्व आडव्या फळ्या सारख्या लांबीच्या असणे अत्यावश्यक आहे. प्रत्येक वेळी पट्टी लावून मोजल्यास प्रत्येक वेळी नवी चूक होते. म्हणून ७० सें.मी.ची एक सरळ काठी करून घ्यावी आणि तीच सर्व फळ्यांवर ठेवून खुणा कराव्या. खुणेवर गुण्या लावून चाकूने एक रेघ ओढावी. ही रेघ वरचा पापुद्रा आधीच कापते आणि करवतीच्या दात्यांनी कड फुटत नाही. करवत रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालवावी, रेघेवरून नव्हे. टेकूफळ्याही जोडीजोडीने एकमेकींना भिडवून पाहाव्या; डावी-उजवी अशी जोडी तंतोतंत सारखी हवी, मग वरची फळी आपोआप समपातळीत येते.

आता एक उभी बाजू जमिनीवर आडवी ठेवावी. तळाच्या टोकाशी ७ सें.मी.ची टेकूफळी पांढरा डिंक पातळ लावून चिकटवावी. तिला लागून प्लायवूडचा एक उरलेला तुकडा उभा धरावा. त्यास वहीचे एक पान गुंडाळलेले असावे. ह्या तुकड्यास भिडवून पुढची टेकूफळी बसवावी आणि मग तो तुकडा काढून घ्यावा. कागदाच्या जाडीइतकी फट मोठी राहिल्यामुळे पुढे फळी ठोकाठोक न करता सरकते. फटीत उतरलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसावा, नाही तर वाळल्यावर फळी आत जात नाही. आपल्याजवळ शिकंजे नव्हते. शाळेमागे पडलेले जांभ्या दगडाचे चिरे आपण टेकूफळ्यांवर रात्रभर ठेवले आणि त्यांनी शिकंज्याचे काम चोख बजावले.

डिंक वाळल्यावर प्रत्येक मोठ्या टेकूफळीस चार व लहानीस दोन ३० मि.मी. लांबीचे स्क्रू मारावे. दोन जाडी मिळून ३६ मि.मी. होतात, त्यामुळे टोक बाहेर येत नाही. आधी गिरमिटाने स्क्रूच्या गाभ्याइतके बारीक भोक पाडून घ्यावे. हे स्क्रू सपाट अंगातून, पापुद्रे ओलांडून जातात; ते घट्ट धरतात.

मग दोन्ही बाजू उभ्या करून पाचही फळ्या डिंक लावून फटींत सरकवाव्या आणि बाहेरून प्रत्येक टोकास ५० मि.मी. लांबीचे दोन बारीक स्क्रू घालावे. येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील: “हे स्क्रू तर पुन्हा कडेतच गेले!” खरे आहे. परंतु ह्या वेळी त्यांच्यावर पुस्तकांचा भार नाही. बाजू बाहेर फाकू नयेत एवढेच त्यांचे काम. स्क्रू फळी धरतो, वजन लाकूड धरते.

चौकोन आणि त्रिकोण

मांडणी उभी राहिली तरी एक दोष शिल्लक असतो. ती बाजूस ढकलली तर झुकते. भूमितीत तुम्ही शिकलाच आहात, की चौकोनाच्या बाजूंची लांबी न बदलता त्याचे कोन बदलता येतात. त्रिकोणाचे मात्र तसे नाही, तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात. पाठीमागे ६ मि.मी. प्लायवूडचा अखंड पाठा लावला, म्हणजे ह्या चौकोनास कर्णाचा आधार मिळतो व तो त्रिकोणासारखा अढळ होतो. पाठा ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. आपली मांडणी बाहेरून १२० सें.मी. उंच व ७३.६ सें.मी. रुंद आहे, पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे कर्ण सुमारे १४०.८ सें.मी. यावयास हवा. दोन्ही कर्ण सारखे आले की कोपरे काटकोनात आहेत असे समजून पाठा सर्व फळ्यांस व बाजूंस लहान खिळ्यांनी पक्का करावा.

शेवटी दोन सूचना. मांडणी भिंतीपासून बोटभर दूर ठेवावी, म्हणजे ओल व वाळवी ह्यांना थेट वाट मिळत नाही. आणि वरच्या बाजूस लाकडाचा ठोकळा मध्ये घालून ती कोनपट्टीने भिंतीस अवश्य जखडावी. लहान मुले फळ्यांस शिडी समजतात. भरलेली मांडणी अंगावर आल्यास अनर्थ होतो. जड ग्रंथ खालीच ठेवावे. ते वर ठेवल्याने मांडणी मोडावी असे नव्हे, पण तिचा तोल खाली राहिलेला बरा.

उपसंहार

नवी मांडणी २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत तयार झाली. सत्तर सें.मी.ची ती काठी आपल्या ग्रंथालयमंत्र्यानेच करून आणली आणि पहिली फळी त्यानेच कापली. पुस्तके लावून झाल्यावर त्याने फळीखाली टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला. झोळ जेमतेम एक मिलिमीटर होता. मग त्याने मला विचारले, “बाई, विश्वकोश कोठे ठेवू?” मी म्हटले, “तू म्हणशील तेथे.” त्याने थोडा विचार करून ते सर्वांत खालच्या फळीवर ठेवले. २०२४ चा सबंध पावसाळा ती मांडणी करकरली नाही.

मला मात्र त्या जुन्या फळीकडे पाहिले की अजून संकोच वाटतो. तिचा उकललेला तुकडा मी टेबलाच्या खणात जपून ठेवला आहे. ज्याने भार वाहावयाचा त्याच्या खाली आधार न देता, तो पडला म्हणून त्यालाच बोल लावू नये, हे मला त्या तुकड्याने शिकवले. ते लाकडाला लागू आहे, तसे वर्गालाही.

स्वाध्याय

१. घरातील एखाद्या फळीखाली दोरा ताणून मध्यभागी किती झोळ आहे ते मोजा. फळीची लांबी व जाडी लिहून ठेवा आणि एक महिन्याने पुन्हा मोजा.

२. ९० सें.मी. लांबीच्या फळीऐवजी त्याच जाडीची ६० सें.मी.ची फळी घेतली, तर झोळ किती पटीने कमी होईल?

३. तुमच्या बाकाचे सांधे नीट पाहा. कोठे लाकूड लाकडावर टेकले आहे, आणि कोठे सगळा भार खिळ्यावर आहे, ते आकृती काढून दाखवा.